लहरींची पाणंद

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. चौकात गर्दी दाटलेली असते, ढोलांच्या दणक्यात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि एकाच वेळी हजारो मोबाइल चालू असल्याने फोन लागता लागत नाही. अशा वेळी मंडळाचा एखादा कार्यकर्ता कमरेचा वॉकी-टॉकी काढतो, बटण दाबून दोन शब्द बोलतो आणि पन्नास पावले पुढचा ट्रॅक्टर थांबतो. ट्रॅक्टरच्या मागे चालणारी लहान मुले सावरतात. हाच संच आता गृहनिर्माण सोसायटीच्या रखवालदाराच्या हाती, बांधकामावर क्रेनखाली उभ्या मुकादमाच्या खांद्यावर, चित्रीकरणाच्या जागी आणि सह्याद्रीतल्या ट्रेकर्सच्या पाठपिशवीत दिसतो. काही हजार रुपयांत तो घरपोच येतो. ज्या लहरीवर आपण बोलतो तिच्यावर बोलायची आपल्याला मुभा आहे का, आणि मुभा असली तरी कसे बोलायचे हे आपल्याला ठाऊक आहे का, हे दोन प्रश्न मात्र त्या खोक्यासोबत येत नाहीत. ते घेणाऱ्याने स्वतःलाच विचारायचे असतात.

खेड्यात वाढलेल्यांना पाणंद माहीत असते. शेताशेतांमधून जाणारी ही वाट कुणा एकाची नसते आणि तिच्यावाचून कुणाचेच भागत नाही. बांधाकडेचा एखादा शेतकरी दर हंगामात वीतभर पाणंद नांगरून आपल्या रानात घेतो. काही वर्षांनी तिथून बैलगाडी निघत नाही आणि पावसाळ्यात घरी आजारी माणूस असला की सगळ्या शिवाराला त्याची किंमत मोजावी लागते. रेडिओ लहरींचेही असेच आहे. त्या दिसत नाहीत, पण त्यांची रुंदी मोजलेली असते आणि वाटेकरी ठरलेले असतात. पोलीस, अग्निशमन दल, विमाने, जहाजे, रेल्वे, मोबाइल कंपन्या, उपग्रह आणि हौशी रेडिओचालक हे सगळे आपापल्या पट्ट्यातून ये-जा करतात. परवाना म्हणजे या वाटपाची नोंद. तो सरकारी कागदांचा आणखी एक जाच आहे, असे मानले की पाणंद नांगरायला सुरुवात होते.

आपल्याकडचा कायदा जुना आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने संदेशवहनाचा अधिकार सरकारकडे ठेवला, तर १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. कायदा बदलला तरी मूळ सूत्र तेच आहे: लहरी वापरायच्या तर परवानगी हवी, किंवा सरकारने नियमाने दिलेली सूट हवी.

ही सूट सामान्य माणसाच्या कामाची आहे, म्हणून ती नीट समजून घ्यावी. कमी ताकदीच्या आणि कमी पल्ल्याच्या उपकरणांसाठी २०१८ मध्ये केंद्राने नियम केले. त्यांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात चालणाऱ्या हातातल्या संचांना परवाना लागत नाही. पट्टा अवघा ०.२ मेगाहर्ट्‌झ रुंद आहे. १२.५ किलोहर्ट्‌झचा एक याप्रमाणे त्यात १६ चॅनेल बसतात. युरोपातही हाच पट्टा लोकांना खुला आहे आणि तिथे संचाची ताकद अर्ध्या वॅटपर्यंत मर्यादित आहे. ट्रेकला, मिरवणुकीला, सोसायटीच्या आवारात किंवा लग्नाच्या मांडवात एवढे पुरेसे होते. मात्र सूट असलेल्या संचालाही मान्यता घ्यावी लागते. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा उपकरणाच्या प्रत्येक प्रकाराला मान्यतेचे प्रमाणपत्र देते. बाजारात त्याला ईटीए म्हणतात. संच ठरल्या पट्ट्यातच बोलतो आणि शेजारच्या पट्ट्यात घुसत नाही, याची ती हमी असते. पट्टा बरोबर असून प्रमाणपत्र नसेल, तर तो संच सुटीच्या बाहेरचाच मानायला हवा.

याहून जास्त ताकदीचे किंवा दुसऱ्या पट्ट्यांवरचे संच वापरायचे असतील, तर परवाना घेऊन ठरावीक वारंवारता मिळवावी लागते. मोठे कारखाने, सुरक्षा एजन्सी आणि बंदरे हेच करतात. सोसायटीने रखवालदारांसाठी एजन्सी नेमली आणि त्यांच्या हाती जास्त ताकदीचे संच दिसले, तर करारासोबत परवान्याची प्रत मागणे हे सचिवाचे कामच आहे. लिफ्टचा दाखला आपण मागतो, अग्निशमन यंत्रणेचा मागतो, मग याचाही मागावा.

घोटाळा होतो तो बाजारात. ऑनलाइन दुकानांत वर्षानुवर्षे असे स्वस्त संच विकले गेले, जे १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्‌झ एवढ्या रुंद पट्ट्यांवर, चार-पाच वॅट ताकदीने बोलू शकतात. हौशी रेडिओचालकाच्या जाणत्या हातात हे उपयोगी यंत्र आहे. परवाना नसलेल्याच्या हातात मात्र त्याचे एक चुकीचे बटण थेट दुसऱ्याच्या वाटेवर नेऊन सोडते. समुद्रावरच्या बोटींची संकटकाळची वाहिनी, म्हणजे चॅनेल १६, नेमकी १५६.८ मेगाहर्ट्‌झवर आहे. रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या कुणी गंमत म्हणून त्या आकड्यावर गाणे लावले, तर त्याच क्षणी वादळात अडकलेल्या मच्छीमाराची हाक त्याखाली दबू शकते. गाणे लावणाऱ्याला ते कधी कळणारही नाही.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये या विक्रीची दखल घेतली. तेरा नोटिसा निघाल्या आणि नियम न पाळणाऱ्या १६ हजारांहून अधिक नोंदी ऑनलाइन दुकानांवर आढळल्याचे सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस मार्गदर्शक तत्त्वे आली. संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, त्याला परवाना लागतो की नाही आणि मान्यतेचे प्रमाणपत्र आहे का, हे विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगितले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. हे पाऊल योग्य होते. ग्राहकाला अंधारात ठेवून यंत्र विकायचे आणि पकडला गेला की कायदा माहीत नव्हता म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे न्याय्य नाही.

अमेरिकेतून येणाऱ्या भेटवस्तूंबद्दलही बोलायला हवे, कारण मराठी घरांत त्या बऱ्याच येतात. तिकडच्या दुकानात जोडीने मिळणारे वॉकी-टॉकी नातवंडांसाठी किंवा ट्रेकसाठी बॅगेतून आणले जातात. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. तिथे कमी ताकदीच्या संचांना परवाना लागत नाही. जास्त ताकदीच्या सेवेसाठी ३५ डॉलर भरून दहा वर्षांचा परवाना मिळतो, परीक्षा नसते आणि एका परवान्यात कुटुंबातले सगळे येतात. ही व्यवस्था सोपी आहे खरी, पण ती त्या देशाची आहे. तिथली मुभा बॅगेत भरून आणता येत नाही. आपली सूट ४४६ च्या पट्ट्याला आहे, ४६२ ला नाही. आणणाऱ्याच्या मनात माया असते, पण लहर चुकीची असते. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना हे आधीच सांगितलेले बरे.

कायद्यानंतर येते संच वापरण्याची समज. खोक्यावर लिहिलेले किलोमीटरचे आकडे डोंगरमाथ्यावरून समोरच्या डोंगरमाथ्याशी, मध्ये काही आड नसताना मिळणारे असतात. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट मैदानावर उभ्या असलेल्या दोन माणसांना पृथ्वीची गोलाईच दहाएक किलोमीटरच्या पलीकडे आडवी येते. शहरात काँक्रीट आणि लोखंड त्याच्या कितीतरी आधी वाट अडवते. उलट १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर तोच अर्ध्या वॅटचा संच दूरवर पोचू शकतो. म्हणून ट्रेकमध्ये संपर्क तुटला, तर जास्त ताकदीचा बेकायदा संच घेण्याचा विचार करू नये. घळीतून वर येऊन धारेवर उभे राहावे. उंची वाढली की बहुतेक वेळा आवाज आपोआप पोचतो. मात्र वीज कडाडत असेल तर माथ्यावर थांबू नये. संदेश उशिरा गेला तरी चालेल.

बोलण्याची रीतही शिकावी लागते. वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबले की आपले ऐकणे बंद होते, आणि ज्या क्षणी आपण बोलतो, त्याच क्षणी दुसराही बोलत असेल तर तो आपल्याला कळत नाही. आजच्या हातसंचांत जोरदार लहर दुबळ्या लहरीला पूर्ण झाकून टाकते. दुबळा माणूस बोलून मोकळा होतो आणि आपले म्हणणे पोचले असे समजतो. म्हणून पहिला नियम: बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो 'नको' असला तर उरलेल्या वाक्याचा अर्थच उलटा होतो. दुसरा नियम: आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. तिसरा आणि सर्वांत मोलाचा नियम: महत्त्वाचे ऐकले की ते परत म्हणून दाखवायचे.

खिंडीत पोचलेला म्होरक्या आणि मागून येणारी तुकडी यांचे बोलणे असे व्हावे:

"टेल, टेल, लीड बोलतोय. ओव्हर."

"लीड, बोल. ओव्हर."

"खिंडीत पोचलोय. तुमच्याकडे किती जण? ओव्हर."

"सात जण. एकाचा पाय मुरगळलाय, पण चालतोय. ओव्हर."

"सात जण, एकाचा पाय मुरगळलाय, चालतोय. समजलं. आम्ही खिंडीतच थांबतो. आऊट."

एवढ्या पाच संदेशांत माणसे मोजली गेली, दुखापत कळली आणि पुढचा निर्णयही झाला. 'ओव्हर' म्हणजे माझे बोलून झाले, आता तू बोल. 'आऊट' म्हणजे संभाषण संपले. चित्रपटांत दोन्ही शब्द एकत्र ऐकू येतात, पण कामाच्या बोलण्यात त्यांची गल्लत करू नये.

या शिस्तीची किंमत काय असते, हे २७ मार्च १९७७ ला जगाने पाहिले. कॅनरी बेटांतल्या तेनेरीफच्या विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने होती. केएलएमच्या वैमानिकाने उड्डाण सुरू केले. नियंत्रण कक्षाने त्याला थांबायला सांगितले आणि नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमच्या वैमानिकाने आपण अजून धावपट्टीवरच आहोत असे कळवले. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कक्षात त्यांच्या जागी एक कर्कश शिट्टी ऐकू आली. ५८३ माणसे दगावली. अपघाताला कारणे अनेक होती, पण एकाच क्षणी दाबली गेलेली दोन बटणे हे त्यांतले एक होते. त्यानंतर विमानवाहतुकीत 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतानाच वापरायचा आणि सूचना शब्दशः परत म्हणायची, ही शिस्त जगभर कडक झाली. आपला ट्रेक किंवा मिरवणूक तेवढी मोठी नसते. पण गर्दीत ट्रॅक्टरखाली जाणाऱ्या पायाला किंवा कड्यावरून घसरणाऱ्या माणसाला तोच नियम वाचवतो.

संचावरच्या 'प्रायव्हसी कोड' या शब्दालाही भुलू नये. तो कोड दुसऱ्यांचे बोलणे आपल्या कानावर येऊ देत नाही, एवढेच. आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवर संच असलेला कुणीही ऐकू शकतो. घराची किल्ली कुठे ठेवली, रोकड किती आहे, मुले कोणत्या फाटकावर एकटी उभी आहेत, असे काही त्यावर बोलू नये.

आता शरीर आणि यंत्राच्या काळजीबद्दल. बोलताना संच तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर दूर आणि उभा धरावा, अँटेना डोळ्याजवळ किंवा अंगाला टेकलेली नसावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, त्यांनी संच छातीच्या खिशात ठेवू नये. साधारण १५ सेंटिमीटर अंतर राखावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या संचाची अँटेना काढता येते, तिच्याशिवाय बटण कधीही दाबू नये, कारण बाहेर जाऊ न शकलेली शक्ती आतल्या भागांवर परत येते आणि संच जळू शकतो. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करू नये. बोलायला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त बॅटरी लागते, म्हणून लांबच्या ट्रेकला दर तासाला ठरल्या मिनिटाला बोलायचे आणि एरवी नुसते ऐकायचे, असे आधीच ठरवून निघावे.

काही ठिकाणी संच बंदच ठेवावा लागतो. खाणीत किंवा रस्त्याच्या कामावर जिथे विजेच्या डिटोनेटरने सुरुंग उडवतात, तिथे जवळच्या रेडिओची लहर त्या तारांत प्रवाह निर्माण करू शकते. म्हणूनच सुरुंगाच्या क्षेत्राबाहेर संच बंद करण्याच्या पाट्या असतात. त्या वाचून सोडून द्यायच्या नसतात. पेट्रोल पंप, रसायनांचे कारखाने, धान्याची भुकटी उडणारी कोठारे इथे संचातली किंवा बॅटरीतली लहानशी ठिणगीही पुरते. अशा ठिकाणी त्या वापरासाठी प्रमाणित केलेलेच संच न्यावेत. स्फोटक वातावरणात वापरायच्या विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. विमानात बसताना संच बंद करून बॅटरी वेगळी करणे हाही याच शहाणपणाचा भाग आहे.

ज्यांना यापुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, वाट खुली आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. रेडिओची प्राथमिक तत्त्वे आणि नियम यांवर ती असते. वरच्या दर्जासाठी मोर्सची चाचणीही असते. उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाव मिळते. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे संकेतनाव व्हीयू२आरजी होते. धंद्याचे बोलणे, संगीत आणि गुप्त सांकेतिक संदेश यांना हॅमवर मनाई आहे.

ही शिस्त कशासाठी, याचे उत्तर २६ डिसेंबर २००४ ला मिळाले. त्या महिन्यात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा एक गट रीतसर परवानगी घेऊन अंदमानात, पोर्ट ब्लेअरला, गेला होता. सुनामी आली आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. त्या गटाच्या संचावरून बेटांची खबर बाहेर जाऊ लागली, आणि कोण सुखरूप आहे याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना निरोप मिळू लागले. त्यांच्याकडे परवाना होता, संकेतनाव होते आणि बोलण्याची रीत अंगात मुरलेली होती. म्हणून त्यांच्या संदेशावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्याच जागी कुणी बिनपरवान्याचा संच घेऊन बसला असता, तर त्याचा आवाज कदाचित पोचला असता, पण त्याचे म्हणणे खरे मानायला फारसे कुणी पुढे आले नसते.

सरकारकडून काही अपेक्षा रास्त आहेत. परवाना लागतो की नाही, हे खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर मराठीत, ठळक अक्षरांत असावे. पोलिसांच्या बिनतारी विभागाने मंडळांच्या आणि वारीतल्या स्वयंसेवकांना मिरवणुकीआधी तासभर प्रशिक्षण द्यावे. कोणत्या भागाने कोणते चॅनेल वापरायचे हे आधी ठरवून द्यावे, कारण १६ चॅनेल सगळ्यांनाच पुरवून वापरायची आहेत. २०२७ च्या नाशिकच्या कुंभमेळ्याआधी ही तयारी झाली, तर तिचा उपयोग लगेच दिसेल. परवाना देणारी खिडकी सोपी झाली की बेकायदा संच घेण्याची सबबही उरत नाही.

वाचकांना एक विनंती. पुढचा वॉकी-टॉकी घेण्याआधी चार गोष्टी पाहा: तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमध्येच चालतो का, त्याला मान्यतेचे प्रमाणपत्र आहे का, विक्रेत्याने हे लेखी दिले आहे का, आणि घरात तो वापरणाऱ्या प्रत्येकाला बटण दाबून एक श्वास थांबायची सवय लागली आहे का. घरात आधीच रुंद पट्ट्याचा संच असेल, तर त्याचे बटण दाबू नका. हॅमची परीक्षा द्या, परवाना घ्या आणि मगच तो हौशी पट्ट्यावर सुरू करा. आणि संकटात मोबाइल लागत असेल, तर सर्वांत आधी ११२ लावा.

पाणंद आपल्या वाडवडिलांनी मोकळी ठेवली म्हणून आपली गाडी शेतापर्यंत जाते. लहरींची वाटही तशीच मोकळी ठेवून पुढच्यांच्या हाती द्यायची आहे.